माठ, पंखा आणि खारे पाणी



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल, आणि ते साहजिकच आहे. भातसानगर हे गाव धरणामुळे वसले. येथे पाणी म्हटले की डोळ्यांसमोर उभे राहते ते भातसेचे गोडे पाणी. समुद्र पाहायचा तर आसनगावला गाडी धरून मुंबई गाठावी लागते. अशा ठिकाणी घरातल्या काचेच्या पेटीत समुद्र ठेवायचा, त्यात मासे पाळायचे, आणि वैशाखाच्या उन्हात ते पाणी पंख्याने गार ठेवायचे, ही गोष्ट प्रथमदर्शनी उंटावरून शेळ्या हाकण्यासारखी वाटते. पण आमचे म्हणणे असे आहे, आणि ते आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत, की या एका बाबतीत शहापूरचा रहिवासी मुंबईच्या रहिवाशापेक्षा अधिक सुदैवी आहे. वर्षातले तीन-साडेतीन महिने तरी नक्कीच. हे का, ते पाहण्याजोगे आहे.

काचेच्या पेटीत जलचर ठेवण्याचा छंद तसा फार जुना नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने मत्स्यगृह उघडले ते १८५३ साली, आणि फिलिप गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने १८५४ साली पुस्तक लिहून ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. आपल्याकडे मराठी माणसाची या नवलाशी ओळख करून दिली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते उघडले. मुंबईला पाहुणा म्हणून गेलेल्या किती तरी पिढ्यांनी राणीचा बाग, म्हातारीचा बूट आणि मरीन ड्राइव्हवरचे ते मत्स्यालय अशी तीन ठिकाणे पाहिली व गावी येऊन त्यांची वर्णने केली. २०१५ साली त्याचे नूतनीकरण झाले. पुढे २०२० च्या साथीत ते बंद झाले, आणि मग इमारतच धोक्याची ठरल्यामुळे प्रेक्षकांना त्याला मुकावे लागले. तेथल्या निळ्या उजेडातले रंगीत मासे ज्यांनी लहानपणी पाहिले, त्यांच्यातल्या काहींच्या मनात ते घर करून बसले, आणि आता घरच्या दिवाणखान्यात शंभर लिटरचा समुद्र मांडण्याची हौस त्यांना होते. तयार मीठ विकत मिळते, लहानसे पंप मिळतात, मासेही मिळतात. विकत मिळत नाही तो समुद्राचा गारवा.

गारव्याचे महत्त्व किती, हे आधी सांगितले पाहिजे. आपण माणसे उष्ण रक्ताची. बाहेर चाळीस अंश असो वा दहा, आपल्या अंगातले तापमान सदतीसच्या आसपास राहते. माशाचे तसे नाही. पाणी जितके तापेल तितका मासा तापतो. प्रवाळांच्या समुद्रातून आलेला मासा २४ ते २७ अंशांच्या पाण्यात सुखी असतो. ते पाणी ३२ अंशांवर गेले म्हणजे त्याच्या शरीरातल्या सर्व क्रिया वेगाने चालू लागतात, त्याला अधिक प्राणवायू लागतो. आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो, कारण पाणी जसजसे तापते तसतसा त्यात वायू कमी विरघळतो. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना तो सहाच्या आसपास येतो. गोड्या पाण्यात २५ अंशांना तोच आकडा सव्वाआठ असतो, म्हणजे खाऱ्या पाण्यातला मासा मुळातच गरिबीत संसार करीत असतो. खर्च वाढला आणि मिळकत घटली म्हणजे घराचे जे होते तेच त्याचे होते. तो पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन कल्ले जोरजोराने हलवू लागतो. दुपारी कचेरीतून फोन करून घरच्यांना “मासे कसे आहेत?” असे विचारणारी माणसे आहेत. त्यांची थट्टा करू नये, त्यांच्या जिवाला खरोखरीच घोर असतो.

मोठ्या समुद्रालाही हे चुकत नाही. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ साली, व पुन्हा २०२४ साली उष्णतेचा मार खाल्ला. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एक-दोन अंशांनीच वर गेले, पण ते काही आठवडे तसेच राहिले, आणि प्रवाळ आपल्या अंगातले सूक्ष्म शैवाल टाकून देऊन पांढरेफटक पडले. अथांग समुद्राला एक-दोन अंश इतके भोवतात, तर शंभर लिटरच्या पेटीला काय अवकाश आहे ते पाहा. समुद्र तापायला महिने लागतात, पेटी एका दुपारीत तापते.

आता पाणी गार कसे करावे? या प्रश्नाचे उत्तर आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिवईवर मांडलेले आहे. माठ! माठाला वीज लागत नाही, बर्फ लागत नाही, तरी चैत्रात त्यातले पाणी दाताला गार लागते. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, ते हवेत उडून जाते, आणि उडताना माठातल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने या अप्रकट उष्णतेचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. आपल्या कुंभाराने अभ्यास केला नाही, पण मडके कितपत भाजले म्हणजे ते नीट पाझरते हे त्याला पक्के ठाऊक होते. खिडकीला वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी शिंपडणे, आजारी मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवणे, न्हाऊन ओल्या अंगाने वाऱ्यात उभे राहिले की शहारा येणे, हे सारे एकाच कुळातले प्रकार आहेत.

ही उष्णता किती असते? एक ग्रॅम पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत तापवायला १०० कॅलरी लागतात. तेच एक ग्रॅम पाणी आपल्या खोलीतल्या तापमानाला वाफ होऊन उडायचे तर त्याला सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता ते मागे राहिलेल्या पाण्याकडून वसूल करते. म्हणजे शंभर लिटरच्या पेटीतून एक लिटर पाणी उडाले आणि बाहेरून उष्णता आत आलीच नाही, तर उरलेले पाणी जवळजवळ सहा अंशांनी गार होईल. एका लिटरात सहा अंश! विजेच्या शीतयंत्राला हे काम करायला केवढा खटाटोप करावा लागतो.

पंख्याचे काम येथे एवढेच आहे. पंखा स्वतः काहीच गार करीत नाही. उलट त्याच्या मोटारीने दोन वॅट उष्णताच निर्माण होते. पाण्याच्या पृष्ठभागालगत दमट हवेचा एक पातळ थर बसलेला असतो. तो तेथेच राहिला तर आणखी पाणी उडायला जागा राहत नाही. पंखा त्या थराला हुसकून लावतो व त्याच्या जागी कोरडी हवा आणतो. ओल्या धोतरावर वारा आला की ते लवकर वाळते, तसेच हे. पंख्याने पाण्यावर लहान लाटा उठतात व त्यामुळे हवेतला प्राणवायूही पाण्यात अधिक जातो, हा वरचा लाभ.

परंतु सगळी भिस्त हवा कोरडी असण्यावर आहे, आणि येथेच आमचा मघाचा मुद्दा येतो. या टेबलावर आम्ही दोन तापमापक ठेवले आहेत. दोन्ही सारखे, बाजारात मिळतात तसले. फक्त एकाच्या फुग्याला ओल्या सुती वातीने गुंडाळले आहे. वातीचे दुसरे टोक वाटीतल्या पाण्यात बुडालेले आहे. ओल्या फुग्याचा तापमापक नेहमी कमी अंश दाखवितो, आणि हवा जितकी कोरडी तितका तो अधिक खाली जातो. पंख्याने पाणी कितीही गार करायचे म्हटले तरी त्याची शेवटची पायरी म्हणजे हा ओला तापमापक. त्याच्याखाली कोणताही पंखा पाण्याला नेऊ शकत नाही. पंखा दुप्पट मोठा लावा, चार लावा, वारा वादळासारखा सोडा, ती पायरी ओलांडता येत नाही.

आता एप्रिल महिन्यातली शहापूरची एक खोली घ्या. बाहेर चाळीस अंश, खोलीत पस्तीस, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्के. अशा खोलीत ओला तापमापक सुमारे २१ अंश दाखवील. आता त्याच दुपारी मुंबईत समुद्राजवळच्या एखाद्या इमारतीतली खोली घ्या. तेथे तापमान ३२ अंशच आहे, म्हणजे आपल्यापेक्षा तीन अंश कमी, पण आर्द्रता सत्तर टक्के. तेथे ओला तापमापक साडेसत्तावीसच्या खाली उतरणार नाही. म्हणजे मुंबईकराच्या पंख्याने स्वर्ग गाठला तरी त्याचे पाणी साडेसत्तावीसवर अडते, आणि प्रत्यक्षात ते आणखी एक-दोन अंश वरच राहते. आपल्याकडे खोली अधिक तापलेली असूनही पाण्याला खाली उतरायला चौदा अंशांचा जिना मोकळा आहे. आपल्याला इतके खाली जायचेच नाही. २६ अंशांवर पाणी ठरले की आपले काम झाले. समुद्राकाठच्या माणसाला समुद्र गार ठेवता येत नाही आणि डोंगराकडच्या माणसाला येतो, हा निसर्गाचा विनोद आहे. विदर्भात चंद्रपूर-नागपूरकडे तर हवा याहूनही कोरडी असते. तेथे वाळ्याचे कूलर घरोघर चालतात आणि मुंबईत ते कोणी विकत घेत नाही, याचेही कारण हेच.

प्रत्यक्षात किती पाणी उडवावे लागते, याचाही हिशोब करता येतो. चोवीस इंच लांब, सोळा इंच रुंद, सोळा इंच उंच अशी पेटी घेतली तर तीत शंभर लिटर पाणी मावते. पंप आणि दिवा मिळून सुमारे तीस वॅट उष्णता तीत सोडतात. पाण्यात बुडालेल्या पंपाची तर सगळीच उष्णता पाण्याला मिळते. खोली पेटीपेक्षा आठ अंशांनी अधिक तापलेली असली म्हणजे काचेतून आणखी चाळीसेक वॅट आत येतात. दिवसभरात एक लिटर पाणी उडाले म्हणजे सुमारे अठ्ठावीस वॅट बाहेर जातात. रात्री खोली निवते, दिवा मालवलेला असतो, म्हणून दिवसरात्र मिळून दोन लिटरांच्या आसपास पाणी उडाले की जमाखर्च जुळतो. अशा पेटीची पातळी रोज सुमारे आठ मिलिमीटरने, म्हणजे बोटाच्या नखाएवढी, खाली जाते. काचेवर पेन्सिलीने खूण करून ठेवावी. खूण कोरडी पडली म्हणजे पंखा काम करतो आहे, आणि पातळी हललीच नाही तर पंखा नुसता आवाज करतो आहे असे समजावे.

आता या युक्तीतला खरा धोका. पाणी उडते, मीठ उडत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे ढोबळ मानाने ३५ ग्रॅम मीठ असते. शंभर लिटरांतून रोज दोन लिटर उडाले आणि आठवडाभर कोणी पाहिले नाही, तर चौदा लिटर कमी होतात आणि उरलेले पाणी लिटरमागे चाळीस ग्रॅमांच्याही वर जाते. म्हणून जेवढे उडाले तेवढे रोज भरावे, आणि भरायचे ते गोडे पाणी. हे सांगायला सोपे, पण नवशिका हौशी हमखास येथे अडखळतो. पेटी समुद्राची, म्हणून भर घालायची तीही समुद्राच्या पाण्याची, असे त्याला वाटते. त्याने रोज दोन लिटर खारे पाणी घातले तर रोज सत्तर ग्रॅम मीठ वाढते, आणि दहा दिवसांत ३५ चे ४२ होतात. मासे गार पाण्यात राहून मिठाने मरतात. आमटी आटली तर कोणी सुगृहिणी तीत मीठ घालीत नाही, आधणाचे पाणी घालते. तेवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. भर एकदम ओतू नये. सकाळी थोडे, संध्याकाळी थोडे घालावे, कारण मिठाचे प्रमाण झपाट्याने खालीवर होणे हेही प्राण्यांना सोसत नाही.

गोडे पाणी कसले? नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनचा बंदोबस्त करावा लागतो. विहिरीच्या पाण्यात क्षार असतात, आणि ते क्षारही उडत नाहीत, रोजच्या भरीबरोबर साठत जातात. ऊर्ध्वपातित पाणी किंवा आर.ओ. यंत्रातून गाळलेले पाणी सर्वांत चांगले. एक सूचना मात्र येथे ठळकपणे केली पाहिजे. आपल्या घरी तांब्याच्या कळशीतले रात्रभर ठेवलेले पाणी आरोग्याला चांगले मानतात. ते पाणी या पेटीत कदापि घालू नये. तांबे अल्प प्रमाणातही कोळंबी, शंख, खेकडे अशा बिनकण्याच्या जीवांना विषासमान असते. पाणी प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावे. आणि या कामासाठी वेगळी बादली असावी. तिला साबण लागू नये, आणि ती धुण्याभांड्याला वापरू नये, असे घरातल्या सर्वांना बजावून ठेवावे.

पंखा कोठे लावावा याबद्दल थोडे. संगणकात असतात तसले बारा व्होल्टचे दोन लहान पंखे पेटीच्या कडेवर तिरके बसवून वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून सरपटत जाईल असे करावे. वारा काचेवर आदळून उपयोग नाही. दोन पंखे मिळून चार वॅट घेतात, चोवीस तास चालले तरी एका युनिटाचा दहावा हिस्सा. विजेचे शीतयंत्र दोनशे वॅट घेऊन दिवसातले बारा तास चालले तर जवळजवळ अडीच युनिटे खाते, शिवाय पेटीतली उष्णता काढून ती खोलीतच ओकते, म्हणजे मग माणसांसाठी दुसरा पंखा लावणे आले. लहान पंख्याचा आणखी एक गुण आपल्या भागात विशेष मोलाचा आहे. वीज गेली तरी तो एखाद्या बॅटरीवर चालतो. वीज जायची ती उन्हाळ्याच्या भर दुपारीच जाते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

पेटीवरचे काचेचे झाकण मात्र काढावे लागते, कारण झाकलेल्या पेटीतून पाणी उडत नाही. झाकण काढले की मासे उडी मारतात. भेदरलेला मासा रात्री जमिनीवर येऊन पडतो आणि सकाळी सापडतो. म्हणून वर नायलॉनची जाळी ताणून बसवावी. तिने वारा अडत नाही, मासा अडतो, आणि आपल्या घरांतून भिंतीवरून हिंडणारी पालही आत पडत नाही. खोलीची खिडकी उघडी हवी. बंद खोलीत पंखा लावला तर दोन लिटर पाणी त्याच खोलीच्या हवेत साठते, हवा दमट होते, आणि मग आपण आपल्याच हातांनी शहापूरची मुंबई करून ठेवतो. खाऱ्या पाण्याचे बारीक तुषार उडून पांढरे पोपडे धरतात. ते विजेच्या जोडांवर बसले तर घात होतो. तारेला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळलेला थेंब झोलाशी गळून पडेल, बटणापर्यंत पोचणार नाही. घरात ईएलसीबी बसविलेले नसेल तर पेटीच्या आधी ते बसवावे. खारे पाणी आणि वीज यांची गाठ पडते तेथे काटकसर करू नये. घरातला मोठा टेबलफॅन पेटीच्या काठावर टेकवून ठेवण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. तो पाण्यात पडला तर मासा जाईल की माणूस, एवढाच प्रश्न उरतो.

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो. ती टाळून हा विषय पुरा होणार नाही, निदान या गावात तरी होणार नाही. तानसा आणि भातसा हे दोन्ही जलाशय आपल्याच तालुक्यात आहेत. तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी देते आहे, आणि आज मुंबईला मिळणाऱ्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसेचा आहे. आणि याच तालुक्यातल्या कितीतरी गावापाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावर दोन-तीन हंडे घेऊन आटलेल्या विहिरीकडून परतणाऱ्या बाया येथे बसलेल्या कोणी पाहिल्या नाहीत असे नाही. अशा मुलखात माशाच्या गारव्यासाठी रोज दोन लिटर पाणी हवेत उडवावे का, असा प्रश्न कोणी उठून विचारला तर तो प्रश्न उर्मट नाही, योग्य आहे.

दोन लिटर म्हणजे एका माणसाचे एका दिवसाचे पिण्याचे पाणी. त्याच्या जोडीला हेही खरे, की शौचकूपाची टाकी एकदा ओढली की त्याच्या तिप्पट-चौपट पाणी जाते, आणि वाळ्याचा मोठा कूलर एका दिवसात कित्येक बादल्या पितो. आपल्या धरणाचा विस्तीर्ण पृष्ठभागही उन्हाळ्यात रोज काही मिलिमीटर पाणी हवेत देत असतो. पेटीच्या नखभर पातळीचे आणि त्याचे शास्त्र एकच आहे. तेव्हा पाड्यावरच्या विहिरी आटतात त्या पेट्यांमुळे नव्हे, आणि पेट्या मोडून त्या भरणारही नाहीत. त्यांचे कारण पाण्याच्या वाटपात आहे, आणि तो वेगळ्या व्याख्यानाचा, आमच्याहून अधिक अधिकारी वक्त्याचा विषय आहे. तरीही आमचे मत असे, की ज्या घरी स्वतःलाच टँकरचे पाणी घ्यावे लागते त्या घराने हा छंद करू नये. आणि ज्यांच्या नळाला पाणी आहे त्यांनी आर.ओ. यंत्र शुद्ध पाण्याबरोबर जे नको असलेले पाणी सोडून देते ते मोरीत जाऊ न देता भांड्याकुंड्यांना वापरावे. बहुधा ते पाणी पेटीला लागणाऱ्या पाण्याहून अधिकच असते. चोरी असलीच तर ती तेथे आहे, पंख्यापाशी नाही.

मासे कोणते ठेवावेत याबद्दलही आमचा आग्रह आहे. प्रवाळ समुद्रातून तोडून आणणे हा गुन्हा आहे. २००१ साली प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ते वाघाच्या पंक्तीला बसले. दुकानदार काहीही सांगो, ते घेऊ नयेत. मासे घ्यावेत तेही शक्यतो पैदास केंद्रात जन्मलेले. आता त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. नव्या मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात राज्याच्या कांदळवन कक्षाने व राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोने विदूषक माशांची पैदास हाती घेतली आहे. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हाच तो मासा, चित्रपटामुळे घराघरातल्या मुलांना ठाऊक झालेला. पेटीत जन्मलेला विदूषक मासा पेटीत रमतो, समुद्रातून धरून आणलेला मासा आधी कित्येक दिवस भीतीतच काढतो. शंभर लिटरांत अशी एक जोडी पुष्कळ झाली. पेटीत मासे जितके कमी तितका प्राणवायू प्रत्येकाला अधिक, हे उन्हाळ्यात फार उपयोगी पडते.

सरतेशेवटी जून. पंख्याची खरी परीक्षा एप्रिलमध्ये नसते, मेच्या अखेरच्या आठवड्यापासून पहिला पाऊस पडेपर्यंत असते. माहुलीच्या माथ्यावर ढग जमतात, वारा पश्चिमेचा होतो, अंगाला घाम चिकटून राहतो, आणि माठातले पाणी एकाएकी कोमट लागू लागते. आजीबाई म्हणतात माठ जुना झाला, छिद्रे बुजली. छिद्रे थोडीफार बुजलीही असतील, पण मुख्य गोष्ट अशी, की हवेने पाणी घेणे बंद केले आहे. खोलीत ३४ अंश आणि आर्द्रता ६५ टक्के झाली की ओला तापमापक साडेअठ्ठावीसवर जाऊन बसतो, आणि पेटीतले पाणी तिसाच्या पुढे सरकते. ज्या दिवशी माठ निवत नाही त्या दिवशी पंखाही निववणार नाही. याहून सोपा तापमापक आम्हाला सांगता येणार नाही.

त्या दहा-पंधरा दिवसांत जे करायचे ते असे. दिवा अगदी थोडा वेळ लावावा, तोही पहाटे. खाणे निम्म्यावर आणावे, कारण पोटभर खाल्लेल्या माशाला अधिक प्राणवायू लागतो आणि उरलेले अन्न कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते. हवेचा लहान पंप लावून बुडबुडे सोडावेत. आणि पाण्याने भरलेली एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली गोठवून, झाकण घट्ट लावून, ती तशीच पेटीत तरंगत ठेवावी. एक किलो बर्फ वितळून पेटीच्या तापमानाला येईपर्यंत शंभर लिटर पाण्याला सुमारे एक अंशाने उतरवतो. एक अंश ऐकायला कमी वाटतो, पण एकतीसचे तीस होणे ही त्या वेळी माशाच्या दृष्टीने मोठी गोष्ट असते. बर्फ सुटा टाकू नये, त्याचे गोडे पाणी मिसळून मीठ एकदम उतरते. बाटल्या दोन कराव्यात, एक पेटीत आणि एक गोठणाऱ्या कप्प्यात, आणि सहा-सहा तासांनी बदलाव्यात. एकाच वेळी चार बाटल्या टाकून पाणी झटक्याने गार करण्याचा मोह आवरावा. पंखे या दिवसांतही बंद करू नयेत. ते पाणी फारसे उडवीत नाहीत, पण पृष्ठभाग हलता ठेवतात. या काळात पातळीची खूण फारशी कोरडी पडत नाही, म्हणून रोजची दोन लिटर भर सवयीने घालीत राहू नये. खूण पाहूनच घालावी, नाहीतर मीठ उतरत जाते.

मग एके रात्री पाऊस येतो. खोली सत्तावीस-अठ्ठावीस अंशांवर उतरते आणि पेटीही तिच्या मागोमाग उतरते. त्यानंतर चार महिने पंख्याचे काम केवळ पंप आणि दिव्याची उष्णता फेडण्यापुरते राहते. तेवढ्या काळात पंख्यांची पाती ओल्या फडक्याने पुसून त्यांवरचे मिठाचे पोपडे काढावेत, तारांचे जोड तपासावेत, आणि गंजलेला पंखा बदलून टाकावा. पुढचा कोरडा उन्हाळा फाल्गुनातच सुरू होतो.